डांगराला पहिला हात

भांडगाव सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर एक तांबडा भोपळा होता. आमच्या घरात त्याला डांगर म्हणतात, म्हणून मीही पुढं डांगरच म्हणेन. लग्नाचा पसारा आवरून झाला होता. टेम्पोत मागं लोखंडी कपाट, गादी आणि भांड्यांचं पोतं दोरीनं आवळलं होतं. पुढं ड्रायव्हर, मध्ये आमचे हे आणि दाराच्या बाजूला मी. आबा, म्हणजे माझे वडील, बांधलेली दोरी उगाच पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. तेवढ्यात आई घरामागून आली, पदरानं डांगर पुसलं, खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं न बघता जावयाला म्हणाली, "पाव्हणं, पिकल्यालं हाय. पर पयला हात तुमी लावा. तिला कापू दिऊ नगा."

लेक घर सोडून निघालेली आणि आईचं शेवटचं वाक्य हे. तेही जावयाला, आणि डांगराबद्दल. मी रडायच्या बेतात होते, ते रडणं तिथंच राहिलं. चौफुला, केडगाव, पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरा, तळेगाव ढमढेरे असं करत आम्ही शिक्रापूरला पोचलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, आणि प्रत्येक गचक्याला मी स्वतःला सावरायच्या आधी डांगर सावरत होते.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अख्ख्या डांगरावर बाईनं सुरी चालवायची नाही. पहिला काप गड्यानं द्यायचा. मग बाईनं खुशाल चिरावं, किसावं, शिजवावं, वाढावं आणि उरलं तर खावं. कारण विचारलं तर आई म्हणायची, "डांगर म्हंजी घरातला कर्ता ल्योक. बाईनं त्येच्यावर सुरी धरली तर ल्योकाला लागतं." बी राखेत घालून जपणारी बाई, आळं करणारी बाई, पाणी घालणारी बाई, पानांवरचे किडे वेचणारी बाई. कापायला तेवढा गडी पाहिजे.

आणि गडी तर घरात नसायचेच. आमची धनगराची घरं. माझ्या लहानपणी आबांकडं मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते जे बाहेर पडायचे ते पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतायचे नाहीत. डांगरं पिकायची नेमकी दिवाळी सरता सरता. मग घरातला गडी कोण, तर माझा धाकटा भाऊ दत्ता. त्याला तेव्हा चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. आई त्याला चुलीजवळ पाटावर बसवायची, त्याच्या मुठीत सुरी द्यायची आणि त्या मुठीवर आपली मूठ धरून सगळा भार घालायची. कचकन आवाज होऊन डांगर उकलायचं. दत्ता घाबरून भोकाड पसरायचा. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "कापलं गं माझ्या कर्त्यानं!" मी त्याच्याहून मोठी. वेलाला घातलेल्या पाण्यातली निम्मी कळशी माझ्या कमरेवरून आलेली असायची. मला तिथं बिया वेचायला बसवायचे.

आमचं परस मोठं नव्हतं. घराच्या मागच्या भिंतीपासून बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापर्यंत चार बाजा मांडल्या तर संपावं एवढं. पण त्या तुकड्यात आईनं काय काय बसवलं होतं! न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं अळू. त्याच्या पुढं एक केळ. कुंपणावर दोडका आणि घेवडा, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. कोपऱ्यात शेवगा. मिरच्या, लसूण, चुका यांचे हातभर वाफे, आणि शेणकुटांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, रचीवर चढवलेला डांगराचा वेल. मेंढरांच्या लेंड्या तेवढ्या फुकट होत्या, त्या भरपूर घातलेल्या. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, आंघोळीचं पाणी, काहीही वाया जायचं नाही. पुढं आबांनी मेंढरं विकली आणि ते शेतीला लागले, तरी परस होतं तसंच राहिलं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर आई परसाच्या तोंडाकडं बघून स्वयंपाक ठरवायची. आज काय करायचं हे आम्ही तिला विचारायचो नाही. तिच्या ओच्यात काय आहे ते बघायचो. दोडका निघाला तर दोडक्याची भाजी, आणि त्याच्या शिरा तव्यावर भाजून शेंगदाण्याची चटणी. शेवग्याला शेंगा नसल्या तर पाला. डांगराच्या वेलाची कोवळी पानं लसूण घालून परतायची, फुलं बेसनात बुडवून तळायची. डांगर कापलं की घारगे. किसलेलं डांगर गुळात शिजवायचं, मग त्यात गव्हाचं पीठ, वरून पाण्याचा थेंब नाही. मी पहिल्यांदा केले तेव्हा पीठ जास्त पडलं आणि घारगे वातड झाले. आई म्हणाली, "डांगर मागंल तेवढंच पीठ घालायचं. आपल्या मनानं घालू नगंस." हे वाक्य मी आजही पीठ घेताना मनात म्हणते, आणि आजही चुकते.

तर असं ते डांगर घेऊन मी शिक्रापुरात उतरले. सासर म्हणाल तर मला एक खोलीच मिळाली. यांचे आईवडील लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेलं, आणि कंपनीत लागल्यापासून हे इथंच. एका रांगेत खोल्या, समोर दोन माणसं अंग चोरून जातील एवढा बोळ, टोकाला संडास. खोलीतच ओटा, ओट्याशेजारी मोरी, मोरीच्या भिंतीला टेकवून आमचं कपाट. खिडकी होती, पण ती उघडली की शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागायची. हायवेवरच्या ट्रकांनी भांडी रॅकमध्ये थरथरायची. पहिले काही दिवस मला वाटायचं, कोणीतरी माझा स्वयंपाक होण्याची वाट बघत ताट वाजवतंय.

मालकाची म्हातारी आई बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेली असायची. मी भाडेकरणींमध्ये नवी, म्हणून तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पोरी, तुझी मोरी हाय ना, तिच्याखाली माझं अळू व्हतं." मी हो हो केलं आणि आत येऊन हसले. म्हातारपणी माणसाला काय काय आठवतं, असं वाटलं. तेव्हा हसले ते हसू पुढं मला फार महागात पडलं.

डांगर पलंगाखाली होतं. हे त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला. दुपारी डबा न घेताच जायचे, कॅन्टीनमध्ये जेवायचे. सकाळी उठले की यांना चहा लागायचा, डांगर नाही. मी एकदोनदा आठवण केली, तर म्हणाले, "काप की तूच. मला काय कळतंय त्यातलं?" आईनं बजावलेलं असल्यानं माझी काही हिंमत होईना. शेजारच्या खोलीत रीना राहायची, बिहारमधल्या सिवानकडची. एके दिवशी ती माझ्याकडं विरजण मागायला आली आणि तिनं पलंगाखालचं डांगर बघितलं. "अरे, कोंहड़ा! काटा क्यों नहीं?" मी मोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्यात बाई कापत नाही. रीना पलंगावर बसून पोट धरून हसली. म्हणाली, "हमरे यहाँ भी नहीं काटती. कोंहड़ा बड़ा बेटा होता है ना."

कुठं सिवान, कुठं भांडगाव! भाषा वेगळी, देव वेगळे, चहात साखर किती यावरून भांडण. पण बाईच्या हातातली सुरी अडवायची म्हटली की सगळा मुलूख एक.

मग आम्ही दोघी गडी शोधायला निघालो. रांगेतले निम्मे ड्युटीवर, निम्मे नाइट करून दार लावून झोपलेले. तेवढ्यात गॅसवाला आला. खांद्यावरून सिलेंडर उतरवतोय तोच रीना म्हणाली, "भैया, ज़रा इसमें चाकू लगा दो." त्या बिचाऱ्याला पहिल्यांदा वाटलं, सिलेंडरचं सील उघडायचंय. मग त्यानं घाम पुसला, सुरी घेतली आणि काहीही न विचारता डांगराचे दोन तुकडे करून निघून गेला. त्यालाही माहीत असणार. त्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, तो पुन्हा कधी आलाही नाही. घारगे फर्स्टक्लास झाले आणि आम्ही बोळातल्या सगळ्यांना वाटले. पण खाताना मला आतून राग येत होता. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचाही हात चालतो, माझा चालत नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिला गंमत वाटली. "कापलं ना गड्यानं? मग झालं," म्हणाली.

वर्षं गेली. ओम झाला, शाळेत जाऊ लागला. शिक्रापुरात मला काही कमी पडलं असं म्हणणार नाही. नळाला पाणी, हाताशी दवाखाना, हातगाडीवर बाराही महिने सगळ्या भाज्या. डांगर तर इथं फोडीनंच मिळतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्याला पहिला हात कुणी लावला हे कोण कुणाला विचारणार? तरी दर दिवाळीला भाऊबीजेला गेले की आईचं एक अख्खं डांगर पिशवीत यायचं आणि ह्यांच्या सुट्टीपर्यंत पलंगाखाली थांबायचं. ते कापलं की खोलीत एक ओला, गोडसर वास पसरायचा आणि मला वाटायचं, आपण नुसतं राहायला इथं आहोत, आपलं घर तिकडं परसात चाललंय. आबा गेले तेव्हासुद्धा मला हा आधार वाटला होता. माणूस गेलं तरी वेल लावला जाईल, एवढी खात्री होती.

मागच्या भाऊबीजेला ओवाळून झालं. दत्तानं ताटात साडी ठेवली. चांगली साडी होती, त्याच्या बायकोनं, मनीषानं, रंग बघून आणलेली. मग तो म्हणाला, "आक्का, परस काढतोय. मागं खोल्या टाकतोय."

दत्ता कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे. तिथं आजूबाजूला ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांचं बस्तान बसलेलं तो रोज बघतो. भांडगावच्या हायवेलाही आता कंपन्या आल्यात, पोरं खोल्या शोधत हिंडतात. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मी विचारलं, "आन् आय भाजी कुठं लावंल?"

"तिचं गुडघं बघितलंस का? बसली तर उठता येत न्हाई. अजून किती दिस मातीत वाकायचं तिनं? यवतचा बाजार हाय की."

"तिला इचारलंस?"

"तिलाच इचार."

मी आईकडं बघितलं. ती ओमला लाडू देत होती. म्हणाली, "त्येची जागा हाय. त्येला करू दे." गावातल्या तलाठ्याबद्दल बोलावं तसं ती बोलली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, खोल्यांत राहणं म्हणजे काय असतं ते मला विचार, मी राहते, तिथं उन्हाचा कवडसा यायला भाडं पडतं. दत्ता चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसून म्हणाला, "तुझ्यासारख्यांसाठीच तर बांधतोय, आक्का. तुमालाच लागत्यात ना खोल्या?"

त्या क्षणी मला शिक्रापूरची म्हातारी आठवली, बोळाच्या तोंडाशी बसलेली. माझ्या मोरीखालचं तिचं अळू. तिचाही असाच एक कर्ता असणार, आणि त्यानंही असंच हसून सांगितलं असणार. मी साडी घेतली आणि पिशवीत घातली.

जेसीबी यायचा त्या दिवशी मी गेले. हे नको म्हणत होते, तिथं जाऊन काय करणार म्हणत होते. बरोबरच होतं, काही करणार नव्हते. पण आईला एकटीला ते बघू द्यायचं नव्हतं.

मी पोचले तेव्हा आईनं सगळं काढून ठेवलं होतं. मिरच्या सुपात, लसूण जुडीत, दोडके टोपलीत. शेवग्याच्या शेंगा तिनं आळीत घरोघर वाटल्या होत्या, जणू घरात काही कार्य आहे. बाहेरची चूल अजून परसातच होती आणि ती पेटलेली होती. म्हणाली, "मशीनवाल्यांना बी खायला लागंल की. घारगं करती." मला वाटलं ती थट्टा करतेय. पण गूळ चिरून ठेवलेला होता, पीठ चाळून ठेवलेलं होतं आणि वेलावरचं शेवटचं पिकलेलं डांगर पाटाशेजारी मांडलेलं होतं.

जेसीबीनं आधी कुंपण ओढलं. घेवडा आणि दोडका एकमेकांना धरून गेले. मग केळ. केळीला काही जोर लागत नाही, ती नुसती आडवी झाली. दत्ता मशीनच्या बाजूला उभा राहून हातवारे करत होता. आईनं हाक मारली, "दत्ता, ये रं, डांगराला हात लाव."

"थांब जरा."

ती थांबली. चुलीतलं एक लाकूड तिनं मागं ओढलं. अळवावरून जेसीबीची चाकं गेली. आईनं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा दत्ता मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "आगं आय, काप की तूच! तासावर चाललीय गाडी. कोन पाळतंय आता असलं?"

मी म्हणाले, "आय, ड्रायव्हरला सांगू का? न्हाईतर ऱ्हाऊ दे घारगं."

आईनं डांगर पुढ्यात घेतलं, सुरी घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि गुडघ्यावर उठून सगळा भार दिला. तोच आवाज झाला, कचकन. स्वयंपाकघराच्या दारात मनीषा उभी होती, तिच्या तोंडून "आत्याबाई!" एवढंच निघालं. दत्तानं वळून बघितलं. मशीनच्या त्या आवाजात त्याला हे कसं ऐकू गेलं देव जाणे.

आई बिया काढत माझ्याशी बोलावं तसं बोलली, "त्येची मूठ कवापासनं नुसतीच व्हती, सुमे. जोर माझाच व्हता."

घारगे झाले. जेसीबीच्या ड्रायव्हरनं खाल्ले, मागून आणखी मागून घेतले. मजुरांनी खाल्ले, मी खाल्ले. पीठ अगदी बेताचं पडलं होतं. दत्ताला आईनं ताटलीत वाढून दिले तर तो म्हणाला, "अॅसिडिटी झालीय," आणि ताटली तशीच कट्ट्यावर ठेवून गेला. कोण पाळतंय म्हणणाऱ्याला एक घास उतरला नाही. मला तेव्हा त्याच्यावर सूड उगवल्यासारखं बरं वाटलं, हे कबूल करायला मी लाजत नाही. निघताना आईनं त्या डांगराच्या बिया राख चोळून एका डब्यात घातल्या आणि मला दिल्या. "आता हितं कुठं लावू? तू लाव," म्हणाली.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती मिरवली असती. आईनं कसं एका घावात सगळ्यांना गप्प केलं म्हणून बोळातल्या बायकांना सांगितलीही होती. पण खोल्यांवर स्लॅब घालायच्या आधी दत्ता सेंटरिंगच्या फळीवरून घसरला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. फार उंच नव्हतं. प्लॅस्टर घालून तो घरी बसला. अवकाळी पाऊस झाला होता, फळी निसरडी होती, असलं कुणी लक्षात घेत नाही. घरात सगळ्यांना कारण माहीत होतं.

मनीषा मला फोनवर म्हणाली, "वन्सं, मी काय बोलत न्हाई. पर त्या दिवशी तुमी तरी आत्याबाईंचा हात धरायचा." आईनं केलेला चहा दत्ता मनीषाच्या हातून घेऊ लागला. आणि आईनं काय केलं? माझी आई, जिनं त्या दिवशी दोन्ही हातांनी सुरी धरली, ती बिरोबाला नवस बोलून आली. ल्योकाचा पाय बरा होऊ दे, मी डांगर सोडलं. आता ती डांगर खात नाही, शिजवत नाही, त्याला हात लावत नाही. दत्ताचा पाय केव्हाच बरा झाला, तो पुन्हा कुरकुंभला जातो. सोडलेलं ते सोडलेलं.

मला कशाचा राग येतो ते सांगते. परस गेलं त्याचा येतोच. पण आयुष्यभरात तिनं एकच गोष्ट आपल्या हातानं, आपल्या जोरावर केली, आणि तीच तिला पाप वाटावी? मी तिला फोनवर खूप समजावलं. गॅसवाल्याची गोष्ट पुन्हा सांगितली. ती म्हणायची, "व्हय, व्हय," आणि विषय बदलायची. आता ती मागच्या खिडकीपाशी बसते. जिथून शेवगा दिसायचा तिथून आता भाडेकरूंच्या दोरीवरच्या पँटी दिसतात. न्हाणीचं पाणी सिमेंटच्या पाईपातून गटारात जातं. "एवढं पानी वाया जातंय गं," हे मात्र ती रोज म्हणते.

बिया मी लावल्या. पावसाळा लागल्यावर रंगाची एक रिकामी बादली मिळवली, रीनाच्या नवऱ्यानं कुठून तरी माती आणून दिली, आणि बोळाच्या टोकाला जिथं दिवसातून थोडा वेळ ऊन पडतं तिथं ठेवली. वेल आला. मालकाची म्हातारी खुर्ची सरकवून त्या बादलीशेजारी बसायला लागली. आईला सांगितलं तेव्हा तिचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी तसा ऐकला. "कशावर चढवलास?" "पाईपावर." "लोखंडाचा हाय का? उन्हात तापंल. चिंधी गुंडाळ." मी चिंध्या गुंडाळल्या. वेल पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेला. मग एके दिवशी मी ओमला शाळेतून घेऊन आले तर बादली उलटी, वेल बोळात पडलेला. मालक म्हणाले, "ताई, पाईप खराब होतो. वरचे लोक कंप्लेंट करतात." म्हातारी खाली मान घालून बसली होती.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "फूल आलं का?"

मी म्हणाले, "आलं."

काय सांगणार होते? तेव्हापासून मी तो वेल फोनवर वाढवतेय. गौरीच्या वेळी मी त्याला दोन कळ्या आणल्या. एक गळून पडली असं सांगितलं, कारण सगळ्या धरल्या तर आईला खरं वाटलं नसतं. एक डांगर धरलं. आधी लिंबाएवढं, मग नारळाएवढं. ती सांगते, त्याच्याखाली गवत घाल, ओल लागली तर सडंल. मी हो म्हणते. आता ते रंगावर आलंय. भांडगावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या खोल्यांत आलेल्यांनो, तुम्ही घर म्हणजे काय म्हणता मला माहीत नाही. माझं घर सध्या एवढंच आहे: नसलेल्या वेलाला धरलेलं एक डांगर, आणि त्याची रोज चौकशी करणारी आई.

काल तिनं विचारलं, "देठ वाळला का?"

"वाळलाय."

"मग काढाय झालं." मागं दत्ताच्या घरातला टीव्ही चालू होता. मग तिनं आवाज उतरवून विचारलं, "कापनार कोन?"

मी म्हणाले, "मीच."

ती नको म्हणेल, ओरडेल, एकुलत्या एक पोराची शपथ घालेल असं मला वाटलं. मी त्यासाठी उत्तरं तयार करत होते. पण ती म्हणाली, "काप. पर तेवढा येळ ओमला भाईर खेळाय धाड."

मी हो म्हणाले.